आपली गोष्ट की सिनेमाची? बोटीच्या जुन्या डार्क राइडच्या निमित्तानं

तुमचा प्रश्न मला असा समजला. मध्यम आकाराचं पार्क आहे, त्यात दहा-बारा वर्षं जुनी बोटीची डार्क राइड, म्हणजे बंद, अंधाऱ्या इमारतीतून एकेक दृश्य दाखवत नेणारी राइड आहे. कोकणातलं बंदर, वादळात सापडलेलं गलबत आणि बुडालेला खजिना अशी तुमच्याच लोकांनी रचलेली गोष्ट आहे. अलीकडे तिची रांग ओसरली आहे. आता एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचं लायसन्स मिळतंय. मालक म्हणतात, राइड त्यावर करून टाका. डिझाइनची मंडळी म्हणतात, पार्कची ओळख जाईल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, एकूण पार्कात स्वतःचं किती टक्के आणि विकत घेतलेलं किती टक्के असावं?

टक्के बाजूला ठेवा. सत्तर-तीस, साठ-चाळीस हे आकडे मीटिंगमध्ये बरे दिसतात, पण त्यावरून उद्या सकाळी कोणतं काम सुरू करायचं ते कळत नाही. विचारायचं ते असं: राइडमधली कोणती गोष्ट किती वर्षं टिकणार आहे, आणि त्यातल्या कोणत्या थरावर सिनेमा चढवायचा?

तुमच्याच राइडचे थर मोजू. इमारत, काँक्रीटचा कालवा, पंपांचा खड्डा हे तीस-चाळीस वर्षांचं काम. बोटी, लिफ्टचा पट्टा, पंप हे मधे एक-दोन ओव्हरहॉल धरून वीस-पंचवीस वर्षं चालतात. एफआरपीचे (फायबरग्लासचे) पुतळे आणि सेट पाण्यालगतच्या दमट हवेत दहा-बारा वर्षं तग धरतात, तेही दर पावसाळ्यानंतर डागडुजी केली तर. लेझर प्रोजेक्टरचा प्रकाशस्रोत साधारण २०,००० तासांचा. रोज १० तास आणि वर्षाला ३५० दिवस धरले तर पावणेसहा वर्षांच्या आत त्याचा उजेड निम्म्यावर येतो. लायसन्स बहुधा पाच ते दहा वर्षांचं असतं. सिनेमाची हवा दोन-तीन वर्षांची, अगदीच मोठा असला तर जास्त.

यावरून नियम निघतो तो सोपा आहे: थर जितका टिकाऊ, तितका तो सिनेमापासून लांब ठेवायचा. इमारतीच्या दर्शनी भिंतीत नायकाचा वीस फुटी चेहरा ओतून बसवला, तर करार संपल्यावर तिथे ब्रेकर चालवावा लागेल. तोच चेहरा प्रोजेक्शनमध्ये किंवा चार बोल्टवर उभ्या केलेल्या पुतळ्यात असेल, तर काही रात्रींत उतरतो. घर तुमचं, सिनेमा भाडेकरू. त्याला रंग आणि पडदे बदलू द्या, भिंती पाडू देऊ नका.

हे फक्त कागदावरचं शहाणपण नाही. एकाच यंत्रावर तीन प्रकारच्या गोष्टी चढवल्याचं उदाहरण डिस्नीच्या टॉवर ऑफ टेररमध्ये दिसतं. १९९४ मध्ये फ्लोरिडातल्या स्टुडिओ पार्कात ही लिफ्ट कोसळणारी राइड आली ती 'ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेचं लायसन्स घेऊन. टोकियो डिस्नीसीमध्ये २००६ साली तीच कल्पना नेताना मालिकेला रजा दिली, कारण जपानी प्रेक्षकाला तिचं काही सोयरसुतक नव्हतं. तिथे स्वतःची गोष्ट रचली: जगभरातून वस्तू लुबाडून आणणारा हॅरिसन हायटॉवर, त्यानं आफ्रिकेतून आणलेली शिरिकी उटुंडू ही मूर्ती, आणि १८९९ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री लिफ्टमधून त्याचं नाहीसं होणं. कॅलिफोर्नियात २००४ साली पुन्हा 'ट्वायलाइट झोन'च होतं. तो टॉवर जानेवारी २०१७ मध्ये बंद झाला आणि २७ मे रोजी 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'ची राइड म्हणून उघडला. म्हणजे पाच महिन्यांच्या आत. टॉवर, लिफ्ट, मोटरी जागच्या जागी राहिल्या म्हणूनच हे इतक्या लवकर जमलं. लिफ्ट कोसळते हे कळायला कोणाला मालिका किंवा सिनेमा पाहिलेला असावा लागत नाही, आणि तिन्ही गोष्टी चालल्या त्या याच जोरावर.

आता तुमच्या राइडच्या सगळ्यात जवळचं उदाहरण. डिस्नीच्या फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कात, नॉर्वे विभागात १९८८ पासून मेलस्ट्रॉम नावाची बोटीची राइड होती. सोळा माणसांच्या बोटी, वायकिंग, जंगलातले ट्रोल (तिकडच्या लोककथांतले राक्षस), उत्तरेचा समुद्र. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती बंद केली आणि जून २०१६ मध्ये त्याच कालव्यात 'फ्रोझन'ची राइड सुरू झाली. यातली एक जागा नीट बघण्यासारखी आहे. मेलस्ट्रॉममध्ये एका टप्प्यावर बोट थांबून उलटी, मागे सरकायची. कारण काय, तर ट्रोल मंत्र टाकून तिला मागे ढकलतात. नव्या राइडमध्ये बोट त्याच जागी मागे सरकते, फक्त आता 'फ्रोझन'मधली एल्सा गाता गाता तिला जादूनं लोटते. यांत्रिक घटना तीच, कारण नवं. रूपांतर करताना सगळं कौशल्य इथे लागतं.

तुम्हीही आधी हेच काम करा. एका कागदावर तुमच्या बोटीला घडणाऱ्या घटना क्रमानं लिहा. बोट सुटते, अंधारात शिरते, लिफ्टवर चढते, वळणावर हळू होते, खाली कोसळते, पाणी उडतं, उजेडात येते. प्रत्येक घटनेसमोर आजच्या गोष्टीतलं कारण लिहा. शेजारच्या रकान्यात त्या चित्रपटातलं कारण लिहून बघा. बोट का कोसळते, याचं उत्तर चित्रपटातून सहज मिळत असेल तर पुढे जा. 'इथे नायकाचा गाजलेला डायलॉग वाजवू' असं उत्तर येत असेल तर तो चित्रपट या राइडचा नाही. पार्कात दुसरीकडे कुठे शोभेल, पण इथे नाही.

मेलस्ट्रॉमवरून आणखी एक धडा मिळतो, तो क्षमतेचा. मालकांना हा भाग आकड्यांत दाखवा. सिनेमानं मागणी वाढते, कालवा रुंद होत नाही. समजा तुमच्याही बोटी सोळा माणसांच्या आहेत आणि दर ४५ सेकंदांनी एक सुटते. तासाला ८० बोटी, म्हणजे कागदावर १,२८०. तीन जणांचं कुटुंब, पाच जणांचा ग्रुप यांत जागा रिकाम्या जातात, म्हणून ८५ टक्के धरा; साधारण १,०८० येतात. चढताना मुलांमुळे होणारा खोळंबा धरून १,०५० म्हणू. दिवसाला ६,००० माणसं येत असतील आणि त्यातली ४० टक्के तुमची आजची राइड करत असतील, तर २,४०० जण दिवसभरात आरामात निघून जातात. रांग दिसत नाही म्हणून मालकांना राइड 'पडलेली' वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. पण सिनेमाचं नाव लावल्यावर ९० टक्के लोकांना ती करायची असेल आणि गेट उघडल्यावर पहिल्या दोन तासांत दर तासाला १,८०० जण तिकडेच धावले, तर तासाला ७५० माणसं साठत जातात. दोन तासांनी रांगेत १,५०० जण, म्हणजे शेवटच्या माणसाला जवळपास ८५ मिनिटं. माणशी अर्धा ते पाऊण चौरस मीटर धरला तर ७५० ते १,१०० चौरस मीटरची सावली, पंखे, पिण्याचं पाणी आणि शेजारी स्वच्छतागृहं लागतील. आहे का तेवढी जागा? नसेल तर मे महिन्याच्या उन्हात दीड तास उभं राहून आलेला माणूस पाच मिनिटांच्या राइडबद्दल बाहेर जाऊन काय सांगेल, याचा अंदाज बांधा. नव्या सेटवर जेवढा खर्च धराल, त्यातला मोठा वाटा रांगेसाठी राखून ठेवावा लागतो. बजेट कमी पडलं की पहिली कात्री मात्र तिथेच लागते.

मेलस्ट्रॉमच्या या रूपांतरावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. एपकॉटचा तो भाग देशोदेशींच्या ओळखीसाठी बांधलेला; 'फ्रोझन'मधलं अरेंडेल हे काल्पनिक राज्य आहे, नॉर्वे नव्हे. राइड म्हणून ती चालली, पण भोवतीच्या विभागाचं म्हणणं पातळ झालं. तुमच्या राइडभोवती कोकणी घरांची गल्ली आणि सोलकढी-मासळीचं हॉटेल असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही येणार. मधेच मुंबईच्या डॉनचा अड्डा उगवला तर आजूबाजूचं सगळं खोटं दिसू लागेल.

कोणता सिनेमा घ्यायचा, हे ठरवताना मी एकच बघतो. लोकांच्या डोळ्यांसमोर त्यातली जागा उभी राहते, की फक्त नटाचा चेहरा? 'शोले' म्हटलं की रामगढ, पाण्याची टाकी, खडकांमधला गब्बरचा तळ दिसतो. ही जागा बांधता येते, तिच्यातून फिरता येतं. सुपरहिरोच्या सिनेमात बहुधा सूट आणि चेहरा एवढंच हातात राहतं. दुबईत नोव्हेंबर २०१६ मध्ये बॉलिवूड पार्क्स उघडलं. 'शोले', 'लगान', 'डॉन', 'क्रिश', 'रा.वन', 'दबंग' असं सगळं पार्कच चित्रपटांवर उभं होतं. एप्रिल २०२३ मध्ये ते बंद झालं. बंद पडण्याचं खापर एकट्या चित्रपटांवर फोडता येणार नाही. जागा, हवामान, कोविड, शेजारची स्पर्धा असं बरंच काही होतं. पण २०११ च्या 'रा.वन'वर २०१६ मध्ये राइड उघडली, तेव्हा त्या सिनेमाची हवा केव्हाच निघून गेली होती, आणि १९७५ च्या 'शोले'चं रामगढ मात्र आजही कोणालाही दाखवलं तरी ओळखतो. सिनेमा नवा आहे की जुना यापेक्षा त्यात जागा आहे की नाही हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

जागेइतकीच उपयोगी पडते ती नियमाची ताकद. 'मिस्टर इंडिया' घ्या. मनगटावरचं यंत्र लावलं की माणूस अदृश्य, पण लाल उजेडात दिसतो. डार्क राइड करणाऱ्याला याहून काय हवं? साधे लाल दिवे चालू-बंद करून गोष्ट पुढे नेता येते आणि सिनेमा न पाहिलेलं पोरही दुसऱ्या दृश्यापर्यंत नियम पकडतं. खोपोलीच्या इमॅजिका पार्कमध्ये या चित्रपटावर सिम्युलेटर राइड आहे. तुमच्या हातातल्या चित्रपटात असा एखादा दिसणारा, हाताळता येणारा नियम आहे का, ते शोधा.

चित्रपटाची जागा घ्यायची, कथानक नाही, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे डिस्नीच्या अ‍ॅनिमल किंगडममधलं पँडोरा, २०१७ चं. 'अवतार'चं जग, पण काळ सिनेमातल्या घटनांच्या नंतरचा आणि मुख्य नायक-नायिका जागेवर नाहीत. २०२२ मध्ये दुसरा भाग आला तरी पार्कात काही चुकीचं ठरलं नाही. उलट २०१९ चं 'स्टार वॉर्स'चं गॅलेक्सीज एज पाहा. जागा नवी रचली, पण काळ दोन ठरावीक चित्रपटांच्या मधला असा घट्ट बांधला. त्यामुळे लोकांची जुनी आवडती पात्रं तिथे येऊ शकेनात. २०२२ मध्ये डिस्नीलँडनं दुसऱ्या काळातल्या मँडलोरियनला, म्हणजे 'स्टार वॉर्स'च्याच एका मालिकेच्या नायकाला तिथे आणलं, म्हणजे स्वतःचाच नियम सैल केला. गोष्टीचा काळ जितका नेमका, तितकी पुढची अडचण मोठी.

आता डिझाइनच्या मंडळींची बाजू. स्वतःची गोष्ट म्हणजे आपोआप उच्च दर्जा, हा समज सोडून द्यायला हवा. मूळ कल्पनांच्या राइड दोन कारणांनी हमखास फसतात. एक, पार्श्वकथा फार. रांगेत चार फलक, राइडआधीच्या प्री-शोमध्ये तीन मिनिटांचं निवेदन, खलाशाच्या आजोबांपासून सुरुवात. बोटीतल्या माणसाला सहा-सात सेकंदांत एक दृश्य बघून पुढे जायचं असतं. वाचलेलं तोवर विसरलेलं असतं. दुसरं, गोष्टीत करायला काही नसतं, फक्त बघायला असतं. 'खजिना बुडाला' ही माहिती झाली. 'खजिन्याला हात लावलात, आता समुद्र तो परत मागतोय' ही राइड झाली, कारण आता बोट का हादरते, का कोसळते, पाणी का उडतं या सगळ्याला एकच कारण मिळालं. हाँगकाँग डिस्नीलँडचं मिस्टिक मॅनर, २०१३ चं, पूर्णपणे मूळ गोष्टीवर आहे. संग्राहकाचं खोडकर माकड जादूची संगीतपेटी उघडतं आणि घरातल्या वस्तू जिवंत होतात. संपलं. भाषा न कळणाऱ्यालाही पहिल्या खोलीत सगळं समजतं.

तुमची राइड पडली आहे ती गोष्ट जुनी झाली म्हणून, की ती पहिल्यापासून नीट सांगितलीच गेली नाही म्हणून, की निम्मे पुतळे हलायचे थांबलेत म्हणून? हे तपासायला पैसे लागत नाहीत. एखाद्या रविवारी बाहेर पडणाऱ्या तीस-चाळीस कुटुंबांतल्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना एवढंच विचारा: 'आत काय झालं?' बहुतेकांनी एका वाक्यात गोष्ट सांगितली, तर दोष देखभालीत किंवा जाहिरातीत आहे. 'अंधार होता, मग पाणी उडालं' एवढंच आलं, तर गोष्टच पोहोचत नाहीये. आणि गोष्ट पोहोचत नसताना तिच्यावर सिनेमा चढवला तर सिनेमाही पोहोचणार नाही. फक्त पहिल्या वर्षी ते झाकलं जाईल.

शिवाय मूळ गोष्ट कायम मूळच राहते असंही नाही. कॅलिफोर्नियातली पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ही बोटीची राइड १९६७ ची. तिच्यावरून चित्रपट निघाला तो २००३ मध्ये, आणि २००६ मध्ये त्या चित्रपटातला जॅक स्पॅरो राइडमधल्या मोजक्या दृश्यांत आणून बसवला. कालवा, दृश्यांचा क्रम, गाणं, सगळं जुनंच. चाळीस वर्षं टिकलेली गोष्ट असल्यामुळे नवं पात्र तिच्यात मावलं. तुमच्या गलबताचा चित्रपट निघेल असं मी म्हणत नाही, पण त्याचं नाव, नकाशा, खलाशाचं पात्र यांवर पूर्ण हक्क तुमचा आहे. टी-शर्टवर छापायला, शाळेच्या सहलीला पुस्तिका द्यायला, दिवाळीत शो करायला कोणाची परवानगी लागत नाही. हा हक्क ताळेबंदात दिसत नाही म्हणून मीटिंगमध्ये कोणी मोजत नाही.

आपली आणि विकतची यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, आणि आपल्याकडे ती फार कमी वापरली जाते: कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या गोष्टी. नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग हे पार्क १९५२ पासून ग्रिम, पेरो, अँडरसन यांच्या परीकथांवर उभं आहे, अँटोन पीक या चित्रकाराच्या हातची एकसारखी शैली घेऊन. त्या पायावर पुढे त्यांनी स्वतःची ड्रीमफ्लाइट १९९३ मध्ये आणि सिम्बोलिका २०१७ मध्ये उभी केली. इमॅजिकातच बघा, तिन्ही प्रकार एका आवारात आहेत: 'मिस्टर इंडिया' लायसन्सवर, अलीबाबा सार्वजनिक खजिन्यातला, आणि राजासॉरस स्वतःचा. राजासॉरस हा खरा डायनासोर, जीवाश्म गुजरातेत नर्मदेच्या परिसरात सापडलेले, नाव मिळालं २००३ मध्ये. परदेशी डायनासोर सिनेमाचं लायसन्स न घेता इथल्या मातीतला राक्षस सापडला, ही निवड मला अजून आवडते. विक्रम आणि वेताळ तर राइडसाठीच लिहिल्यासारखी गोष्ट आहे: पाठीवर वेताळ, आणि तोंड उघडलं की तो उडाला. पंचतंत्र, बिरबल, खलाशांच्या दंतकथा असं बरंच आहे.

फक्त दोन खबरदाऱ्या घ्या. गोष्ट जुनी असली तरी तिचं एखादं चित्ररूप किंवा मालिकेतलं रूप कोणाच्या तरी मालकीचं असतं. आपल्याकडे साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि चित्रपटाचा प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणून चित्रं आणि संवाद स्वतः नव्यानं करून घ्या. आणि देवादिकांच्या कथा राइडमध्ये आणू नका. मूर्ती आली की चपला कुठे काढायच्या, शेजारी मांसाहारी हॉटेल का, लोक पाठ करून सेल्फी का काढतात, हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात गेटवर येतात.

आत्तापर्यंतचं एकत्र धरलं तर क्रम असा लागतो: आधी राइड का पडली ते शोधा, मग घटनांचा तक्ता, मग रांगेचा हिशेब, मग चित्रपटात जागा किंवा नियम आहे का ते. इतकं जमलं तरी मी तुम्हाला राइड कायमची बदलायला सांगणार नाही. हंगामी मुलामा चढवून बघा.

याचं उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडचं हाँटेड मॅन्शन, भुतांच्या वाड्याची राइड. १९६९ ची मूळ राइड, आणि २००१ पासून दर वर्षी शरद ऋतूपासून जानेवारीपर्यंत तिच्यावर 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' हा चित्रपट चढतो. काही दिवस राइड बंद, सजावट चढते. हंगाम संपला की पुन्हा बंद, सजावट उतरते. दोन्हीचे चाहते दोन वेळा येतात. उलटं उदाहरण म्हणजे फ्लोरिडातल्या डिस्नी पार्कातली टिकी रूम. १९९८ मध्ये तिथल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या जुन्या शोमध्ये 'अलादीन'मधला इयागो आणि 'लायन किंग'मधला झाझू कायमचे आणून बसवले, आणि इयागोच्या तोंडून जुन्या शोची खिल्ली उडवली. जुन्या प्रेक्षकाला ते झोंबलं, नव्याला मूळ शो माहीतच नसल्यानं विनोद कळला नाही. जानेवारी २०११ मध्ये तिथे छोटी आग लागली आणि त्याच वर्षी पुन्हा उघडताना जुना शो परत आला. नवं पात्र आणा, पण त्याला यजमानाची टर उडवायला लावू नका.

तुमच्या राइडमध्ये हंगामी रूप करायचं तर दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंतचा काळ घ्या. डिसेंबर-जानेवारीत सहली येतात. शाळा दर आणि अंतर पाहून पार्क निवडते, पण सहलीतलं मूल घरी जाऊन सिनेमाचं नाव सांगतं आणि सुट्टीत घरच्यांना घेऊन येतं. कामाच्या बाजूनं पुढच्या गोष्टी लागतील. दृश्यांतले दिवे आणि स्पीकर आहेत तसेच ठेवा. शो-कंट्रोलरमध्ये, म्हणजे दिवे, आवाज आणि हालचाली चालवणाऱ्या यंत्रणेत, दुसरा पूर्ण प्रोग्रॅम आणि दुसरे ऑडिओ ट्रॅक भरा, म्हणजे सजावट सोडून बाकीचा बदल हे एका रात्रीचं काम राहतं. नवे पुतळे जुन्यांच्या जागी नको, जुन्यांच्या पुढे, स्वतःच्या पायावर उभे करा. वायरिंगला वॉटरप्रूफ प्लग-सॉकेट द्या, सोल्डर करून टाकू नका. दर हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी दहा-बारा दिवस राइड बंद राहील असं कॅलेंडरमध्ये आधीच लिहा. उतरवलेला माल ठेवायला दीड-दोनशे चौरस मीटरची कोरडी खोली हवी. ती नसली तर पहिल्याच पावसाळ्यात फोम आणि कापड बुरशीनं जातं, आणि दुसऱ्या वर्षी सगळा खर्च पुन्हा.

कराराबद्दल वकील सांगतीलच, पण वकिलाला राइड माहीत नसते म्हणून चार गोष्टी तुम्ही मांडा. हिंदी चित्रपटाचे हक्क एका हातात क्वचित असतात: निर्माता वेगळा, संगीत कंपनी वेगळी, आणि नटाचा चेहरा, आवाज, लकब हे आणखी वेगळं. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांच्या नावाला, आवाजाला, अगदी 'झकास' म्हणण्याच्या ढबीलाही संरक्षण दिलं. म्हणजे निर्मात्याची सही मिळाली तरी पुतळ्याला चेहरा देता येईलच असं नाही. दुसरं, मंजुरी. संकल्पना, रेखाटनं, पुतळ्याचा नमुना, प्रोग्रॅमिंग आणि शेवटची पाहणी अशा पाच टप्प्यांवर प्रत्येकी पंधरा कामाचे दिवस गेले तरी पंचाहत्तर दिवस होतात, म्हणजे साडेतीन महिने. ठरल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर मंजूर समजण्याचं कलम घाला. तिसरं, सुटे भाग. पोरं बोटीतून हात लांब करतात आणि पुतळ्याची बोटं तुटतात. साचा तुमच्याकडे आणि पुन्हा ओतायची परवानगी करारात नसेल, तर दोन बोटांसाठी दीड महिना तो पुतळा कापडाखाली झाकून ठेवावा लागतो. चौथं, करार संपल्यावर उतरवायला किती दिवस आणि खर्च कोणाचा. किमान नव्वद दिवस मागा, आणि दुकानातला उरलेला माल विकायची मुदत वेगळी मागा.

आणि क्षेत्रबंदीची, म्हणजे ठरावीक भागात तीच पात्रं दुसऱ्या कोणाला न देण्याची अट डोळ्यांत तेल घालून वाचा. १९९४ मध्ये सुपरहिरोंच्या कॉमिक्सची कंपनी मार्व्हलनं डिस्नीच्या स्पर्धक युनिव्हर्सलशी पार्कचा करार केला. डिस्नीनं २००९ मध्ये आख्खी मार्व्हल कंपनी विकत घेतली, तरी फ्लोरिडात ती ठरावीक पात्रं अजून युनिव्हर्सलकडेच आहेत. एपकॉटमध्ये २०२२ साली डिस्नीला मार्व्हलच्याच 'गार्डियन्स'ची राइड आणता आली, कारण ती पात्रं त्या कुंपणाबाहेरची होती. तुम्ही मोठे नसलात तरी 'तीनशे किलोमीटरच्या आत दुसऱ्या पार्काला हा चित्रपट नाही' एवढं तुमच्या बाजूनं लिहून घेता येतं.

राहिला पार्काच्या एकूण तोलाचा प्रश्न. मे २०२५ मध्ये ऑर्लँडोत उघडलेल्या युनिव्हर्सलच्या एपिक युनिव्हर्स या पार्काची रचना बघा. मधला बगिचा, सेलेस्टियल पार्क, कोणत्याही सिनेमाचा नाही. हॅरी पॉटर, निन्टेंडो, ड्रॅगन, जुने भुतांचे सिनेमे हे सगळे दारांच्या पलीकडे, एकमेकांना न दिसणारे. बगिच्यातली राइडही स्वतःची. तुमच्याकडे तेवढी जागा नाही, पण प्रवेशद्वार, मुख्य रस्ता, मैदान, शुभंकर आणि कायमची हॉटेलं आपली ठेवायची, सिनेमा दाराआड ठेवायचा, एवढं कोणत्याही आकारात जमतं. मधे निदान तीस मीटरचा पट्टा असा ठेवा, जिथे ना गाणं ऐकू येतं ना पोस्टर दिसतं. आवाज गळतोच, म्हणून त्या पट्ट्यात पाणी किंवा दाट झाडी घाला. नुसत्या भिंतीनं काम भागत नाही.

हे सगळं बदलतं ते तुमच्याकडे कोण येतं त्यावर. गिऱ्हाईक मुख्यतः शंभर-दीडशे किलोमीटरमधलं आणि वर्षातून दोनदा येणारं असेल, तर हंगामी रूप जास्त उपयोगी. महामार्गावरचे, एकदाच येणारे पर्यटक जास्त असतील तर गेटवर ओळखीचं नाव लागतंच, आणि मग मालकांच्या म्हणण्यात जोर आहे. बोटीची बैठक आणि सुटण्याचं अंतर, लिफ्ट किती मीटरची, पडणं किती मीटरचं, शो-कंट्रोलर कोणत्या कंपनीचा आणि गेल्या वर्षीचा महिनावार गिऱ्हाईकांचा आकडा एवढं पाठवा. चित्रपटाचं नाव सांगता येत नसेल तर नका सांगू. त्यात जागा आहे की चेहरा, तेवढं कळलं तरी दृश्यागणिक बोलता येईल.